लिस्प चालती करणारी माणसं : आयबीएम ७०४ पासून एसबीसीएलपर्यंत

मांडवीकाठ (पणजी) :

मागच्या धाग्यावर लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचे कंस, मॅक्रो (कोड तयार करणारा कोड) आणि भाषेची सुबकता यावर भरपूर बोलणं झालं. ती यंत्रावर चालती करणाऱ्यांचा विषय मात्र कोणी काढलाच नाही. माझ्या मते लिस्पचा खरा इतिहास तिथेच आहे. कागदावरची लिस्प दोन-चार पानांत मावते. चालवायला बसलं की तीन प्रश्न उभे राहतात : यादीच्या प्रत्येक पेशीतले (तिला 'कॉन्स' म्हणतात) दोन पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, ठेवायचे कुठे, वापरून झालेली मेमरी परत मिळवायची कशी, आणि कंपायलर, म्हणजे कोड यंत्रभाषेत उतरवणारा प्रोग्राम, लिस्पमध्येच लिहिला तर तो पहिल्यांदा चालवणार कोण? फर्मागुढीच्या कॉलेजातली काही मुलं आणि आम्ही दोघंतिघं मिळून सी भाषेत एक छोटी लिस्प लिहितोय, तिथे हेच तीन प्रश्न आडवे येतात. म्हणून हा धागा.

सुरुवात १९५८ ची, एमआयटीतली. जॉन मॅकार्थीच्या डोक्यात आधी कंपायलर होता. तो तयार व्हायला वेळ लागणार, म्हणून फंक्शनं हातानेच यंत्रभाषेत उतरवणं चालू होतं. याच काळात त्याने 'इव्हॅल' नावाचं एक फंक्शन लिहिलं : लिस्पमधलं कुठलंही वाक्य घ्यायचं आणि त्याची किंमत काढायची. हेतू निव्वळ गणिती होता, ट्युरिंग यंत्रापेक्षा ही मांडणी सुटसुटीत आहे हे दाखवायचं होतं. स्टीव्ह रसेलने ते वाचलं आणि म्हणाला, मी हे प्रोग्राम करतो. मॅकार्थीने त्याला सांगून पाहिलं की हे वाचण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही. रसेलने ऐकलं नाही. त्याने इव्हॅल हाताने आयबीएम ७०४ या संगणकाच्या यंत्रभाषेत उतरवलं आणि लिस्पला इंटरप्रिटर, म्हणजे वाक्य वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्राम, मिळाला. मॅकार्थीचा निबंध एप्रिल १९६० मध्ये छापून आला.

याचा एक परिणाम फार लांबवर गेला. मॅकार्थीला माणसांसाठी वेगळी लेखनपद्धत आणायची होती, चौकोनी कंस आणि अर्धविरामांची. आतली कंसाळ रचना फक्त यंत्रापुरती राहणार होती. पण इंटरप्रिटरला तीच समजत होती आणि इंटरप्रिटर हाताशी होता, त्यामुळे लोक सरळ तीच लिहू लागले. ज्या कंसांवरून आपण मागच्या धाग्यावर भांडलो, ते असे रसेलच्या घाईमुळे टिकले. त्याच कंसांमुळे प्रोग्राम आणि डेटा एकाच रूपात राहिले आणि मॅक्रो शक्य झाले, तेव्हा या घाईचे उपकारच मानायला हवेत.

आता मेमरीकडे. ७०४ चा शब्द, म्हणजे मेमरीचा एक खण, ३६ बिटांचा. त्यात १५ बिटांचा 'ॲड्रेस' भाग, १५ बिटांचा 'डिक्रिमेंट' भाग, आणि तीन-तीन बिटांचे दोन तुकडे. १५ बिटांत ३२,७६८ पत्ते मावतात, म्हणजे त्या यंत्राची भरगच्च मेमरी. एका शब्दात बरोबर दोन पॉइंटर! यादीचा पहिला घटक आणि उरलेली यादी देणारी कार आणि कुडर ही नावं याच दोन भागांची आहेत. प्रश्न आला तो मेमरी परत मिळवण्याचा. आयबीएममध्ये फोरट्रानवर बेतलेली याद्यांची एक पद्धत होती, तिच्यात यादी पुसायचं काम प्रोग्रामरनेच करायचं. मॅकार्थीला ते नको होतं, कारण एकात एक फंक्शनं लिहिली की मधल्या याद्यांना नावच नसतं, पुसणार काय? प्रत्येक पेशीकडे किती जण बोट दाखवतात याची गणती ठेवावी, तर शब्दात उरलेले बिट सहाच, तेही दोन ठिकाणी विभागलेले. म्हणून ठरलं की काहीच पुसायचं नाही. मेमरी संपली की प्रोग्राम जिथपर्यंत पोचू शकतो तिथपर्यंतच्या पेशींवर खूण करायची आणि बिनखुणेच्या पेशी मोकळ्या यादीत जोडायच्या. आज जावा, जावास्क्रिप्ट वापरणारे ज्याच्या जिवावर निर्धास्त असतात तो गार्बेज कलेक्टर हाच.

त्याचं पहिलं जाहीर दर्शन मॅकार्थीनेच लिहून ठेवलंय. उद्योगातल्या लोकांसमोर प्रात्यक्षिक होतं. ७०४ ला टंकयंत्र जोडलेलं, सेकंदाला दहा अक्षरं छापणारं. सगळं हळूहळू पण ठीक चाललं होतं. मध्येच मेमरी संपली आणि टंकयंत्र छापू लागलं की गार्बेज कलेक्टरला बोलावण्यात आलं आहे, काही रंजक आकडे पुढीलप्रमाणे. एरवी हा मजकूर लाइन प्रिंटरवर झटक्यात निघायचा, म्हणून पानभर आकडे छापायची सोय केली होती. तेच पानभर आता दहा-दहा अक्षरांनी. वेळ संपली, सभागृह हसत होतं. पण त्या पानातले आकडे पाहा : किती शब्दांवर खूण झाली, किती परत मिळाले, यादीची जागा किती. आजचा कलेक्टर तपासताना आपण हेच छापून बघतो.

---

बार्जवाला (वास्को) :

लेख आवडला, वाचनखूण साठवली. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. जहाजबांधणीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो आणि माझी लिस्प म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली ऑटोलिस्प. खनिजाच्या बार्जेसची कामं जोरात होती. ऑफसेटच्या (जहाजाच्या आकाराच्या मापांच्या) तक्त्यातले आकडे वाचून प्रत्येक फ्रेमची रेषा आपोआप काढणारी फंक्शनं मी त्यात लिहिली होती. हाताने दिवस जायचा ते काम चहा होईपर्यंत उरकायचं.

मेमरीचा तो प्रश्न आम्ही डॉसवर रोज बघत होतो. ऑटोएक्झेक फाइलमध्ये दोन ओळी घालाव्या लागत, एक लिस्पहीपची (डेटाची जागा), एक लिस्पस्टॅकची (चालू फंक्शनांची जागा). दोघांची बेरीज ४५,००० बाइटच्या वर जाता कामा नये. हीप वाढवा, तर स्टॅक कमी. तक्ता लांबला की 'नोड स्पेस अपुरी' असा संदेश यायचा आणि फंक्शन तिथेच थांबायचं. मग काम झालेल्या व्हेरिएबलांना निल (रिकामं) करा, पुन्हा चालवा. मोठी फाइल असेल तर सुरुवातीलाच व्हीमॉन म्हणायचं, म्हणजे न लागणारी फंक्शनं डिस्कवर सरकत. जीसी नावाचं फंक्शनसुद्धा होतं, ते हाताने बोलावता यायचं.

मांडवीकाठ, ऑटोलिस्प या वंशावळीत बसते कुठे? आणि एक शंका. ऑटोलिस्पमध्ये फंक्शनच्या यादीत तिरकी रेघ देऊन पुढे स्थानिक नावं लिहायची. ती रेघ राहिली की एका फंक्शनमधला 'बिंदू' दुसऱ्या फंक्शनमध्ये जाऊन बसायचा. ही रचना अशी का?

---

मांडवीकाठ :

बार्जवालाकाका, तुमच्यासारखा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता. ऑटोलिस्प १९८६ च्या सुरुवातीला ऑटोकॅडमध्ये आली. तिचं मूळ डेव्हिड बेट्झच्या एक्सलिस्प या छोट्या इंटरप्रिटरमध्ये. जगभरच्या ड्रॉइंग ऑफिसांत जितक्या लोकांनी तिच्यात लिहिलं, तितक्यांनी फार थोड्या लिस्पमध्ये लिहिलं असेल. लिस्पच्या इतिहासात तिला तळटीप देतात, ते मला मान्य नाही.

तुमची शंका तर थेट ७०४ पर्यंत जाते. पहिल्या इंटरप्रिटरमध्ये व्हेरिएबलची किंमत शोधायची तर आत्ता चालू असलेल्या फंक्शनांच्या साखळीत मागे मागे जायचं आणि ते नाव पहिल्यांदा जिथे सापडेल तिथली किंमत घ्यायची. करायला सगळ्यात सोपं. जेम्स स्लॅगलने एक फंक्शन लिहिलं, त्यात दुसरं फंक्शन पाठवलं, आणि उत्तर चुकीचं येतंय म्हणून तक्रार केली. आतल्या फंक्शनला हवा होता तो 'एक्स' आपल्या जन्माच्या ठिकाणचा, मिळाला तो वाटेत भेटलेला. मॅकार्थीला वाटलं ही किरकोळ चूक आहे, रसेल दुरुस्त करेल. रसेलने एक जोडकाम करून दिलं, फंक्शनसोबत त्याचा परिसरही बांधून ठेवायचा. पण मूळ नियम तसाच राहिला आणि पुढच्या बहुतेक लिस्पांनी तोच उचलला. ऑटोलिस्पने उचलला, ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या लिस्पनेही. तुमची तिरकी रेघ फंक्शन संपेपर्यंत जुनी किंमत बाजूला ठेवते, एवढंच. मधल्या काळात आत बोलावलेल्या प्रत्येक फंक्शनला नवीच किंमत दिसते.

हे मुळातून सुटलं ते १९७५ मध्ये, स्कीम नावाच्या लिस्पमध्ये. जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी मॅकलिस्प या एमआयटीच्या लिस्पमध्ये एक चिमुकला इंटरप्रिटर लिहिला. कार्ल ह्युइटचे 'ॲक्टर', म्हणजे एकमेकांना निरोप पाठवणारे घटक, समजून घ्यायचे होते, म्हणून त्यांनी ॲक्टर आणि फंक्शन दोन्ही त्यात घातले. नंतर पाहतात तो आतला कोड दोघांचा एकच! फंक्शनबरोबर परिसर बांधला की वेगळा ॲक्टर उरतच नाही. कॉमन लिस्प या सामाईक लिस्पने १९८४ मध्ये हाच नियम घेतला. ईमॅक्समध्ये तो यायला २०१२ उजाडलं, चोविसाव्या आवृत्तीत, तोही फाइलीच्या पहिल्या ओळीत मागितला तर.

---

फर्मागुढी_तिसरं_वर्ष :

सर, ७०४ वर एका शब्दात दोन पॉइंटर मावले हे समजलं. पण पेशीत पॉइंटर आहे की आकडा हे कसं कळायचं? आपल्या लिस्पमध्ये आपण प्रत्येक वस्तूला एक 'प्रकार' खाना दिलाय आणि साधी १ + १ करायलासुद्धा मॅलॉक (सीमध्ये नवी मेमरी मागणं) होतोय. मोठ्या लिस्प हे कसं करतात?

---

आबोली (म्हापसा) :

याचं उत्तर मी देते, कंपायलर हे माझं रोजचं काम आहे.

आजच्या यंत्रांवर मेमरीतली वस्तू ८ किंवा १६ बाइटच्या सीमेवर ठेवली की तिच्या पत्त्याचे शेवटचे तीन-चार बिट कायम शून्य असतात. ते फुकट मिळालेले बिट. तिथेच प्रकार लिहायचा. ६४ बिटांच्या एसबीसीएलमध्ये (ही आजची एक कॉमन लिस्प) शेवटचा बिट ० असेल तर तो छोटा पूर्णांक, आणि आकडा उरलेल्या ६३ बिटांत. म्हणजे ५ हा आकडा १० म्हणून साठवलेला असतो. बेरीज करून पाहा : ५ आणि ७ म्हणजे आत १० आणि १४, बेरीज २४, म्हणजे १२. काही सोलायचं नाही, काही चढवायचं नाही, प्रोसेसरची एकच आज्ञा. गुणाकाराच्या आधी तेवढा एक आकडा एक बिट उजवीकडे सरकवावा लागतो. मॅलॉकचा संबंधच नाही. तुमच्या लिस्पमध्ये हा बदल आधी करा, बाकी सगळं नंतर.

सत्तरच्या दशकात एमआयटीत याच कामासाठी खास यंत्रं बांधली, रिचर्ड ग्रीनब्लॅटच्या पुढाकाराने. पहिलं कॉन्स, मग कॅडर. प्रकार तपासणं हार्डवेअरच करायचं. त्यातून सिम्बॉलिक्स आणि एलएमआय या कंपन्या निघाल्या. साधे मायक्रोप्रोसेसर वेगवान होत गेले तशी ती यंत्रं मागे पडली.

आता मांडवीकाठांचा तिसरा प्रश्न, माझा सगळ्यात आवडता. १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. तो आधी इंटरप्रिटरवर चालवला आणि त्याला त्याचाच मजकूर भरवला. त्याने स्वतःला यंत्रभाषेत उतरवलं. पुढे कार्नेगी मेलनमध्ये स्कॉट फालमन यांच्या गटाने स्पाइस लिस्प सुरू केली, ती पर्क नावाच्या वर्कस्टेशनवर मायक्रोकोडमध्ये. तिची झाली सीएमयू कॉमन लिस्प. तिच्या कंपायलरचं नाव पायथन, भाषेशी संबंध नाही. रॉब मॅकलाखलनचं ते काम आजही वाचण्यासारखं आहे : व्हेरिएबलचा प्रकार एकदा सांगितला की तो सगळीकडे ताडून पाहतो आणि विसंगती दिसली की कंपाइल करतानाच बोलतो.

पण या सीएमयू लिस्पची एक अडचण होती. ती बांधायला तीच लागायची. चालती इमेज, म्हणजे लिस्पच्या सगळ्या मेमरीची जतन केलेली प्रत, घ्यायची, तिच्यात नवा कोड भरायचा, नवी इमेज जतन करायची. कालच्या दह्याचं विरजण लावून आजचं दही, तसं. वर्षानुवर्षं हेच. बिटांची मांडणी बदलायची असेल तर चालत्या इमेजला स्वतःच्याच पोटात हात घालावा लागे, आणि त्यासाठी प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल लिहून ठेवलेली असे. सोर्स समोर आहे, पण फक्त सोर्सवरून ही लिस्प उभी राहत नाही. मला हे नेहमी अस्वस्थ करणारं वाटतं.

विल्यम न्यूमनने डिसेंबर १९९९ मध्ये त्यातून फांदी काढली, ती एसबीसीएल. एसबी म्हणजे स्टील बँक. कार्नेगीचा पैसा पोलादाचा, मेलनचा बँकेचा. एसबीसीएल बांधायला कुठलीही नीट कॉमन लिस्प चालते : सीएमयू, सीलिस्प, ईसीएल, किंवा आधीची एसबीसीएल. आधी त्या यजमान लिस्पमध्ये एसबीसीएलचा कंपायलर साधा प्रोग्राम म्हणून चालवायचा. तो एसबीसीएलचा सगळा मजकूर कंपाइल करतो. मग 'जेनेसिस' नावाची पायरी. यजमानाच्या मेमरीत बाइटांची रांग घेऊन तिच्यात भावी लिस्पची मेमरी मांडायची, प्रत्येक कॉन्स, प्रत्येक सिम्बॉल, टॅगचे (प्रकार सांगणारे) बिट धरून. ती रांग फाइलीत लिहायची आणि सीमधल्या छोट्या रनटाइमने उचलून सुरू करायची. पहिल्या सुरुवातीला तिला स्वतःचे प्रकारसुद्धा ठाऊक नसतात, ते ती उठता उठता भरते. मी पहिल्यांदा हा बांधकामाचा लॉग ओळीने वाचला तेव्हा हललेच नाही जागची.

---

मांडवीकाठ :

आबोलीताई, सुरेख. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात. न्यूमनने भाषेत काही नवं घातलं नाही, उलट बरंच काढून टाकलं. तरी आज कॉमन लिस्प म्हटलं की लोक आधी एसबीसीएल उतरवतात. बाहेरच्या माणसाला कोड बदलून पुन्हा बांधून पाहता आला, म्हणून माणसं जमली.

मुलांना मात्र मी पुढे सीवर बेतलेल्या वाटेने (लिस्पचं आधी सी करायचं, मग यंत्रभाषा) जायला सांगणार नाही. तिथे वेग मर्यादित राहतो आणि डीबग करताना दोन भाषांच्या मधोमध अडकायला होतं.

---

आबोली :

इथे माझं मत वेगळं आहे. १९८४ ची क्योतोची गोष्ट बघा. तायची युआसा आणि मासामी हागिया यांनी क्योतो कॉमन लिस्प लिहिली. ते प्रमाणीकरणाच्या समितीत नव्हते, एमआयटीच्या गल्ल्यांत वाढलेले नव्हते. समोर फक्त भाषेचं वर्णन. ते वाचून त्यांनी सगळं पहिल्यापासून लिहिलं, आणि त्या वर्णनातल्या कितीतरी फटी त्यामुळेच उघड्या पडल्या. आतल्या लोकांना त्या दिसल्या नव्हत्या, कारण त्यांना उत्तरं आधीच ठाऊक होती.

त्यांचा कंपायलर लिस्पचं सी करायचा. सीचा कंपायलर असेल त्या यंत्रावर लिस्प पोचली. टेक्सासमध्ये विल्यम शेल्टरने तिच्यावर काम वाढवलं, त्यातून आजची जीसीएल, आणि ज्युझेप्पे अतार्दीच्या हातून ईसीएल. शेल्टरनेच मॅक्सिमा हा बीजगणित करणारा प्रोग्राम जपला, एमआयटीच्या जुन्या मॅकसिमाचा (Macsyma) अमेरिकी ऊर्जा खात्याकडचा तो अवतार. १९८२ पासून एकट्याने सांभाळून १९९८ मध्ये त्याने तो मुक्त करायची परवानगी मिळवली. गणिताची मुलं आज मॅक्सिमात विकलन करतात ते लिस्पच चालवत असतात. वेग थोडा कमी म्हणून ही वाट मुलांना नाकारू नका. केंद्रापासून लांब बसून फक्त वर्णन वाचून लिस्प उभी करता येते, हे क्योतोने दाखवलंय. फर्मागुढीहून वेगळं काय करायचंय?

---

मांडवीकाठ :

पटलं. वेगापेक्षा हा मुद्दा मोठा आहे. आपण सीवरच राहू.

वयाचंही सांगून ठेवतो मुलांना. पीडीपी-१ या छोट्या संगणकावरची लिस्प पीटर डॉइचने लिहिली तेव्हा त्याची विशीही उलटलेली नव्हती. शब्द १८ बिटांचा, म्हणजे एका कॉन्सला दोन शब्द, आणि मेमरी काही हजार शब्दांची.

---

बार्जवाला :

तिरकी रेघ आता कळली. बाहेरच्या फंक्शनने रेघ देऊन झाकलेला 'बिंदू' आतल्या फंक्शनला दिसतो, म्हणून आमच्या ऑफिसात एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याच्या फाइलीसोबत लोड केली की बिघडायची. आम्ही प्रत्येकाने आपल्या नावांपुढे स्वतःची दोन अक्षरं लावायचा नियम केला होता. मुलांनी लिस्प लिहिताना स्कीमचा नियम घ्यावा, ही माझी विनंती.

---

फर्मागुढी_तिसरं_वर्ष :

काका, घेतलाय. सर, आबोलीताई, शेवटचा प्रश्न. रीडर (मजकूर वाचून याद्या बनवणारा भाग) कंसातली यादी वाचतोय, अर्धी यादी तयार आहे, पण तिच्याकडे फक्त सीच्या फंक्शनमधलं एक स्थानिक व्हेरिएबल बोट दाखवतंय. त्याच वेळी मेमरी संपली आणि कलेक्टर चालला, तर त्याला ही यादी दिसणार कशी? आणि खूण करून झाडण्याऐवजी चेनीची पद्धत वापरावी का?

---

आबोली :

चेनीची पद्धत १९७० ची. मेमरीचे दोन समान भाग करायचे. एक भरला की जिवंत वस्तू दुसऱ्यात उचलून ठेवायच्या आणि जुन्या जागी नवा पत्ता लिहून ठेवायचा. दोन पॉइंटर पुरतात : एक मोकळी जागा कुठून सुरू होते ते दाखवणारा, दुसरा उचललेल्या वस्तूंपैकी कुठवर तपासून झालं ते. दुसरा पहिल्याला गाठतो तेव्हा काम संपलं. वेगळा स्टॅक लागत नाही, लांबलचक यादीवर रिकर्शन फुटत नाही. पण यात वस्तू जागा बदलतात, म्हणून तुझा प्रश्न जास्तच अवघड होतो : सीच्या स्थानिक व्हेरिएबलमधला पत्ता शिळा होतो आणि त्याला कोणी कळवत नाही.

वाटा दोन. एक, सीचा सगळा स्टॅक चाळायचा आणि पॉइंटरसारखं दिसेल ते जिवंत धरायचं. ईसीएल हेच करते, बोहमचा कलेक्टर वापरून. इंटेलच्या यंत्रांवर एसबीसीएलही स्टॅकपुरती हीच सावधगिरी घेते, म्हणजे स्टॅकवरून कोणी बोट दाखवत असेल तर ते पान हलवतच नाही. दोन, प्रत्येक सी फंक्शनने आपली व्हेरिएबलं एका वेगळ्या यादीत स्वतः नोंदवायची आणि बाहेर पडताना काढायची. ईमॅक्सच्या कोडमध्ये हे मॅक्रो वर्षानुवर्षं पसरलेले होते. एक नोंद राहिली की महिन्यांनी कुठेतरी भलतीकडे प्रोग्राम पडायचा. शेवटी तिथेही स्टॅक चाळणंच आलं.

तुम्ही शिकताय, तेव्हा आधी खूण करून झाडणारा लिहा, त्यात वस्तू हलत नाहीत. मुळं (कलेक्टर जिथून शोध सुरू करतो ती व्हेरिएबलं) मात्र हातानेच नोंदवा. तपासायचं असेल तर प्रत्येक कॉन्सच्या वेळी कलेक्टर बोलवा. मंद चालेल, पण राहिलेली नोंद पहिल्याच चाचणीत सापडेल.

---

मांडवीकाठ :

प्रत्येक कॉन्सला कलेक्टर बोलावण्याची सोय मी मेकफाइलमध्ये एका फ्लॅगवर ठेवतो. नोंदणीचे दोन मॅक्रो रीडरमध्ये घातले आहेत, यादी वाचणाऱ्या फंक्शनपासून सुरुवात केली आहे. स्ट्रिंग आणि सिम्बॉल वाचणारी फंक्शनं तिसऱ्या वर्षाने घ्यावीत. इव्हॅलमधल्या नोंदी आबोलीताईंनी एकदा नजरेखालून घातल्या तर बरं होईल. टॅगचा शेवटचा बिट शून्य ठेवून बेरीज करणारी फांदी वेगळी काढली आहे, ती हे सगळं चालल्यावर जोडू.